कुठल्या पट्टीत गाणार?

जॅम सेशनमध्ये नवी गायिका माइकपाशी येते तेव्हा पियानोवाला तिला दोन प्रश्न विचारतो. गाणं कुठलं? आणि की कुठली? आपल्या भाषेत, कुठल्या पट्टीत गाणार? दुसऱ्या प्रश्नाला ‘कुठलीही चालेल’ किंवा ‘तुम्ही सुरू करा, मी पकडते’ असं उत्तर आलं की बास वाजवणारा ड्रमरकडे बघतो आणि ड्रमर छताकडे. गळा अजून कुणी ऐकलेला नसतो, पण निम्मी परीक्षा आटोपलेली असते.

हिंदुस्तानी गाणं शिकलेल्या माणसाला यात परीक्षा कसली ते चटकन कळणार नाही. आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असते. काळी चार म्हटलं की तंबोरे काळी चारला लागतात, मग यमन असो की तोडी. राग त्या षड्जावर उभा राहतो आणि गायिका आपल्या गळ्याच्या सोयीनं त्यात फिरते. जॅझमध्ये चाल आधीच बांधून आलेली असते. एक गाणं षड्जाच्या खाली मंद्र पंचमाला जाऊन येतं, दुसरं षड्जापासून निघून तार गंधार गाठतं. गळा तोच, पण पहिल्याची पट्टी दुसऱ्याला लावली तर वरचे स्वर ओरडून काढावे लागतात. म्हणून प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी. चाळीस गाणी येत असतील तर चाळीस पट्ट्या तोंडपाठ हव्यात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील अशा.

छापील पट्टीवर भिस्त ठेवून भागत नाही. एरल गार्नरची १९५४ ची ‘मिस्टी’ पुस्तकात काळी दोनमध्ये असते, ‘बॉडी अँड सोल’ वाजवणारे काळी एकमध्ये वाजवतात. या पट्ट्या वाद्यांच्या सवयीच्या. बहुतेक बायकांना त्या बऱ्याच खाली घ्याव्या लागतात, कारण जॅझची गायिका साधारणपणे बोलण्याच्या उंचीवर गाते. मायक्रोफोन आला नसता तर हे गाणंच झालं नसतं. आवाज थिएटरच्या मागच्या भिंतीपर्यंत फेकायची गरज संपली, आणि कानाशी येऊन बोलल्यासारखं गाता येऊ लागलं.

पट्टी निवडताना समोर कोण वाजवतंय हेही बघावं लागतं. समजा तुम्हाला पांढरी सात सोयीची आहे. पियानोवाला कुरकुरत का होईना, वाजवेल. पण टेनर सॅक्सोफोनची रचना अशी असते की त्यावरचा ‘सी’ प्रत्यक्षात काळी पाचचा निघतो. त्यामुळे तुमची पांढरी सात त्या बिचाऱ्याच्या वाद्यावर सात शार्पांची होते. अर्धा स्वर उतरून तुम्ही काळी पाच घेतलीत तर त्याच्यापुढे एकही शार्प नाही, एकही फ्लॅट नाही. तुमच्या गळ्याला तो अर्धा स्वर जेमतेम जाणवेल, त्याच्या सोलोत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडेल. ज्या गायिकेला हे कळतं तिला वाजवणारे पुन्हा बोलावतात.

गोंगाटात पट्टी सांगायची खूणही ठरलेली आहे. बोटं वर केली तर तितके शार्प, खाली केली तर तितके फ्लॅट. काळी दोनच्या मेजरला तीन फ्लॅट, म्हणून तीन बोटं जमिनीकडे. सोलो संपवून मूळ चालीवर यायचं असेल तर तळहातानं डोक्यावर टपली मारायची. बाहेरच्याला हा बावळटपणा वाटेल, पण एक शब्द न बोलता चार अनोळखी माणसं एकाच क्षणी एकाच जागी पोचतात ती याच खुणांवर.

खुणांवर भागणार नसेल तेव्हा कागद लागतो. लीडशीट म्हणजे एका पानावर चाल, वर कॉर्डची नावं, आणि सगळं तुमच्या पट्टीत. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी अशी शेकडो गाणी हातानं लिहून ‘द रियल बुक’ नावाचं पुस्तक काढलं. कुणाच्या हक्कांची परवानगी घेतलेली नव्हती, त्यामुळे ते झेरॉक्सच्या रूपात हातोहात खपायचं. कायदेशीर आवृत्ती निघायला २००४ उजाडलं, तोवर त्यातल्या चुकांसकट ते जगभरच्या वाजवणाऱ्यांना पाठ झालं होतं. आता आयरियल प्रोसारखं अ‍ॅप बोटाच्या एका टिचकीनं पट्टी बदलून देतं. तरी नव्या गायिकेनं आपल्या गाण्यांचे स्वच्छ कागद बाळगावेत हे बरं. पियानोसाठी एक, बाससाठी एक, आणि टेनर सॅक्स किंवा ट्रम्पेट असेल तर त्या वाद्याच्या हिशोबानं उतरवलेला तिसरा. एका गाण्याला तीन पानं लागत असतील तर ती शेजारी शेजारी चिकटवून न्यावीत, कारण दिवे मंद असतात आणि पान उलटायला तिसरा हात नसतो.

मग लय. लय गायिकेनं द्यायची असते, आणि इथे भलेभले गडबडतात. घाबरलेला माणूस हमखास जलद मोजतो. जुने लोक सांगतात ती युक्ती अशी: गाण्यातली सगळ्यात जास्त शब्दांची ओळ मनातल्या मनात म्हणून बघायची. ती ज्या लयीत सुखानं बसेल ती खरी लय. मग चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवायची आणि तोंडानं मोजून द्यायचं. पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळी वाजवणारी गायिका ही वाजवणाऱ्यांच्या विनोदातलं कायमचं पात्र आहे.

सुरुवात झाली की हरवायला भरपूर वाव आहे. बहुतेक जुनी गाणी बत्तीस बारांची: मुखडा दोनदा, मग ब्रिज, म्हणजे आपला अंतरा, मग परत मुखडा. एका बारात चार मात्रा धरल्या तर एकशे अठ्ठावीस मात्रांचं एक आवर्तन झालं. आपल्या विलंबित गाण्याची सवय असलेल्यांना एवढ्या लांबीचं भय वाटणार नाही, पण इथे सम दाखवणारा तबल्याचा ठेका नसतो. ड्रमर मुद्दाम आडव्या जागी मारतो, पियानोवाला कॉर्ड बदलून टाकतो, आणि गायिकेनं तीन सोलो ऐकून नेमक्या जागी आत शिरायचं असतं. संथ गाण्यात तर सोलो अर्धाच होतो आणि गायिका थेट ब्रिजवर परतते. शेवटची ओळ तीनदा घेऊन संपवणार का, हे गाणं सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवावं. सांगितलं नाही तर चौघं चार ठिकाणी संपतात.

एवढा वेळ या तांत्रिक गोष्टीत घालवायचं कारण असं की काम मिळण्याचा रस्ता इथूनच जातो. गायिकेला पैसे हॉटेलचा गल्ला देतो हे खरं. पण तिचं नाव मालकाच्या कानावर घालतात ते वाजवणारे. ‘अमक्या तारखेला जमेल का’ असा फोन पियानोवाल्याचा नाहीतर बासवाल्याचा येतो, आणि त्याला गळ्याच्या मोठेपणाइतकीच रात्र सुरळीत जाण्याची काळजी असते. जॅझ गायिकांच्या चरित्रांत ‘शोध लागला’ अशी एक चमत्काराची रात्र असते. जरा खरवडून बघितलं की त्या रात्रीमागे कुणीतरी वाजवणारा उभा दिसतो.

सगळ्यात प्रसिद्ध रात्र २१ नोव्हेंबर १९३४ ची. न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये, १२५ व्या रस्त्यावरच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची रात्र भरायची. गाणं पसंत पडलं नाही तर प्रेक्षक हुर्यो करून माणसाला मंचावरून पिटाळत. त्या रात्री सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड नाचायला म्हणून आली होती. आई वारलेली, सुधारगृहातून पळालेली, राहायला धड घर नाही. तिच्या आधी एडवर्ड्‌स भगिनी इतक्या सुरेख नाचल्या की हिनं नाचायचा बेत सोडला आणि कॉनी बॉसवेलच्या ढंगात दोन गाणी म्हटली. पहिलं बक्षीस मिळालं, पंचवीस डॉलर.

गोष्ट बहुधा इथेच थांबवतात. पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. बक्षिसासोबत अपोलोत आठवडाभर गायचं काम मिळायचं, ते तिला मिळालं नाही. तिचा मळका अवतार मालकांना मंचावर नको होता असं सांगतात. म्हणजे टाळ्या मिळाल्या, काम नाही. पण त्या रात्री साथीच्या बँडमध्ये बेनी कार्टर होता, आणि त्यानं या पोरीचं नाव चार ठिकाणी काढलं. १९३५ च्या जानेवारीत हार्लेम ऑपेरा हाउसमध्ये टायनी ब्रॅडशॉच्या बँडबरोबर तिला आठवडाभराचं काम मिळालं. मग चिक वेबकडे तिची शिफारस गेली. वेब हा ठेंगणा, पाठीच्या क्षयानं वाकलेला ड्रमर, सॅव्हॉय बॉलरूमचा राजा. त्यालाही ही मुलगी नको होती. बँडमधल्या माणसांनी भरीस पाडलं तेव्हा येल विद्यापीठातल्या एका नृत्यरात्रीपुरतं तिला घेऊन बघायचं ठरलं. पोरं खूश झाली, आणि एला बँडमध्ये राहिली. १९३८ साली एका बडबडगीतावरून तिनं बेतलेलं ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ तुफान चाललं. १९३९ मध्ये वेब वारला तेव्हा बँड तिच्या नावानं चालू लागला.

सॅरा व्हॉनचंही असंच. नुअर्कची मुलगी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. तिनं १९४२ मध्ये अपोलोचीच स्पर्धा जिंकली, ‘बॉडी अँड सोल’ गाऊन. तिथे तिचं गाणं बिली एकस्टाइनच्या कानावर पडलं, त्यानं अर्ल हाइन्सला सांगितलं, आणि १९४३ मध्ये ती हाइन्सच्या बँडमध्ये दाखल झाली ती गायिका आणि दुसरी पियानोवादक अशा दुहेरी नात्यानं. त्या बँडमध्ये तेव्हा चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी होते. पियानोमुळे तिला त्यांच्या कॉर्ड ऐकताक्षणी कळत, आणि त्यांना ती आपल्यातलीच वाटे. कार्मन मॅक्रे मिंटन्स प्लेहाउसमध्ये बँडच्या विश्रांतीच्या वेळात पियानो वाजवत गायची. तिनं दिवसा सेक्रेटरीच्या नोकऱ्याही केल्या. शर्ली हॉर्न वॉशिंग्टनमध्ये स्वतःच्या पियानोवर गायची. १९६० मध्ये माइल्स डेव्हिसनं तिची पहिली रेकॉर्ड ऐकली आणि तिला न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये आपल्या आधी गायला बोलावलं. मोठी गायिका व्हायला पियानो यायलाच हवा असं नाही, एला काही पियानिस्ट नव्हती. पण पुण्या-मुंबईत आज सुरुवात करणाऱ्या मुलीनं मला विचारलं तर गायनाच्या शिकवणीतला एक तास कमी करून तो पियानोला दे, असंच मी सांगेन. आपल्याला हार्मोनियम येत असते, तिच्यावर चाल निघते. कॉर्ड दोन्ही हातांनी शिकाव्या लागतात.

बिली हॉलिडेची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. तिथे गल्ला जास्त दिसतो. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती, आणि हार्लेमच्या १३३ व्या रस्त्यावर चोरट्या दारूची लहान लहान ठिकाणं एकाला एक लागून होती. दारू बेकायदा, तिथे गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून गाणं हवंच. मंच नसायचा. गायिका एकेका टेबलापाशी जाऊन गायची आणि टेबलावरचे पैसे उचलायची. जॉन हॅमंड नावाचा तरुण, श्रीमंत घरातला, रेकॉर्डचा वेडा, त्यानं १९३३ च्या सुरुवातीला बिलीला अशाच एका ठिकाणी ऐकलं. तेव्हा ती अठराचीही नव्हती. हॅमंडच्या आठवणीत राहिलं ते हे, की तेच गाणं प्रत्येक टेबलाला ती वेगळं गायची. त्याच नोव्हेंबरात बेनी गुडमनबरोबर तिची पहिली रेकॉर्ड झाली. तिच्या १९५६ च्या आत्मचरित्रात पहिल्या कामाची जी नाट्यमय कहाणी आहे, नाचाच्या चाचणीत नापास, मग पियानोवाल्याचं ‘गाता येतं का’, ती जपून वाचावी. त्या पुस्तकात तारखा आणि तपशील बरेच सैल आहेत. गंमत एवढीच की त्या सैल कहाणीतही दार उघडणारा पियानोवालाच आहे.

टेबलांची ही शाळा मला अपोलोपेक्षा महत्त्वाची वाटते. वीस टेबलं म्हणजे एकाच चालीची वीस रूपं, आणि तीही चार हातांवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत. कंटाळला की पैसे नाहीत. बिलीचा गळा लहान होता, पल्ला जेमतेम. शब्द मागे ओढून, चाल सपाट करून, दोनच स्वरांत ओळ फिरवून ती जे करायची ते तिनं कुठल्या वर्गात गिरवलेलं नव्हतं.

गल्ल्याशी बांधलेलं काम कायद्याशीही बांधलेलं असतं. १९४० पासून न्यू यॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात काम करायचं तर पोलिसांकडून बोटांचे ठसे देऊन कॅबरे कार्ड घ्यावं लागे. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात बिली तुरुंगात गेली आणि तिचं कार्ड गेलं. सुटून आल्यावर १९४८ च्या मार्चमध्ये तिनं कार्नेगी हॉल भरवला. तिथे दारू मिळत नव्हती, म्हणून चाललं. पण कोपऱ्यावरच्या साध्या क्लबात रोजंदारीनं गाणं तिला कायद्यानं बंद झालं, ते १९५९ मध्ये मरेपर्यंत. पियानिस्ट थेलोनियस मंकचं कार्डही असंच काही वर्षं काढून घेतलं होतं. ही पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली. गाण्याची रोजी पोलीस ठाण्यातल्या कार्डावर ठरावी, ही नामुष्की सत्तावीस वर्षं चालली.

मुंबईचं जॅझही गल्ल्याच्या सावलीतच वाढलं. १९३५ च्या हिवाळ्यात व्हायोलिनवाला लिऑन अ‍ॅबी आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ आलेल्यांकडून गोव्याच्या वाजवणाऱ्यांनी हे संगीत उचललं. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायची. मिकी कोरिआचा बँड १९३९ पासून दोन दशकं ताजमध्ये होता. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आमच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. ‘अलबेला’तल्या गाण्यांचा झणका कुठून आला हे त्यावरून कळावं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं हॉटेलांच्या रात्री आक्रसल्या, तरी चर्चगेटच्या रस्त्यावर हॉटेलांत आणि रेस्तराँत बँड वाजत राहिले. तिथे गायिकेला ‘क्रूनर’ म्हणत, आणि तिचं काम बँडमास्तरच्या मर्जीवर असे. क्रिस पेरीच्या बँडनं लॉर्ना कोर्देरोला घडवलं. तिची कोंकणी गाणी आजही गोव्यात घराघरांत वाजतात. पण बँडमास्तराशी संबंध तुटल्यावर दोन दशकांहून अधिक काळ ती मंचावरच आली नाही. आधार एकच असला की असं होतं. २०१४ चा ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट याच दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला.

भायखळ्यात वाढलेल्या उषा उत्थुपची सुरुवात तर मुंबईतही नाही, १९६९ मध्ये चेन्नईच्या ‘नाइन जेम्स’ या तळघरातल्या छोट्या क्लबात झाली, कांजीवरम साडी नेसून. मग कोलकात्याचं ट्रिंकाज. तिचा घोगरा, खालचा आवाज शाळेत कोरसमध्ये बसत नव्हता. क्लबात तोच ओळख ठरला.

पण जॅझच्या मूळ देशात मुंबईचा आवाज नेला तो आशा पुथलीनं. हिंदुस्तानी गाण्याची तालीम घेतलेली, नाच शिकायला न्यू यॉर्कला गेलेली मुलगी. तिथे तिची गाठ पडली ती पुन्हा जॉन हॅमंडशीच. बिली हॉलिडेला ऐकून चाळीसेक वर्षं झाली होती आणि तो कोलंबिया कंपनीत होता. सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन तेव्हा अशा चाली करत होता की त्यांना कॉर्डचा आधारच नव्हता, स्वर लांब लांब उड्या मारत. पट्टी विचारायची सोयच राहिली नव्हती. १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये आशा पुथलीनं अशी दोन गाणी गायली. कॉर्डशिवाय एकटा स्वर धरून ठेवायची सवय तंबोऱ्यावर वाढलेल्या गळ्याला असते, तिचा तिथे उपयोग झाला असणार असं मला ऐकताना वाटतं. पुढे ती पॉप आणि डिस्कोकडे वळली.

आज काय? न्यू यॉर्कमध्ये रस्ता फारसा बदललेला नाही. ग्रीनिच व्हिलेजच्या तळघरातलं स्मॉल्स १९९४ मध्ये सुरू झालं. रात्री उशिराच्या जॅम सेशनसाठी ते प्रसिद्ध झालं, आणि तिथे नाव नोंदवून वाट बघत बसणं ही अनेकांची शाळा ठरली. वाट बघताना दुसऱ्याचं गाणं ऐकायचं, पहिल्या दिवशी एकच गाणं म्हणायचं, साधं, सगळ्यांना येणारं, आणि तीन मिनिटांत खाली उतरायचं. सात मिनिटांचं संथ गाणं घेऊन रांगेतल्या दहा वाजवणाऱ्यांना ताटकळत ठेवणारी गायिका कितीही सुरेल असली तरी तिचं नाव मागे पडतं. कॉलेजांनी आणि स्पर्धांनी एक वेगळी वाट काढली आहे. नुअर्कमध्ये २०१२ पासून सॅरा व्हॉनच्या नावानं स्पर्धा होते. ब्राँक्सची समारा जॉय ती २०१९ मध्ये जिंकली आणि २०२३ मध्ये तिला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं. पण तिच्या पहिल्या रेकॉर्डवर गिटारिस्ट पास्क्वाले ग्रासोची तिकडी वाजते, हे विसरू नये. मायामीची सेसिल मॅक्लोरिन सालव्हां कायदा आणि जुनं युरोपीय गायन शिकायला २००७ मध्ये फ्रान्समधल्या एक्स गावी गेली. तिथे सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्या शिक्षकानं, जाँ-फ्रांस्वा बॉनेलनं, तिला जुन्या रेकॉर्ड ऐकायला लावल्या, आपल्या बँडबरोबर गायला उभी केली. २०१० मध्ये तिनं थेलोनियस मंक स्पर्धा जिंकली तेव्हा लोकांना ती अचानक उगवल्यासारखी वाटली.

आपल्याकडे स्मॉल्ससारखी जागा नाही, हे मान्य करून पुढे जावं. मुंबईत ‘नॉट जस्ट जॅझ बाय द बे’ गेलं, ‘ब्लू फ्रॉग’ गेलं. एनसीपीएमध्ये चांगल्या मैफली होतात, पण तिथे सुरुवात होत नसते. सुरुवात होते ती एखाद्या रेस्तराँत, गुरुवारी, पियानो किंवा गिटार आणि आपण, दोघंच. मालकाला जॅझ हवं असतंच असं नाही, त्याला ‘छान वातावरण’ हवं असतं. ही मागणी तुच्छ मानू नये. जेवणाऱ्यांच्या गप्पांत तीन तास गाणं म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट, म्हणजे तीसेक गाणी, आणि कुणी ऐकत नसताना नव्या गोष्टी करून बघायची मुभा. हीही टेबलांचीच शाळा.

मालकाशी बोलताना आधी त्याच्या जागेत गिऱ्हाईक म्हणून एक संध्याकाळ बसावं. आठवड्यातला कुठला दिवस रिकामा जातो, आवाज किती उंच चालतो, पियानो आहे की कीबोर्ड न्यावा लागेल, सूर लावलेला आहे का, हे सगळं तिथेच दिसतं. मग रिकाम्या दिवसाची मागणी करावी. शनिवार कुणी देत नाही. सोबत दोन-तीन मिनिटांचं एक साधं चित्रण असावं, खऱ्या साथीदारांसह, एका गाण्याचं. स्टुडिओत घासूनपुसून काढलेल्या रेकॉर्डिंगवरून मालकाला काही कळत नाही, आणि वाजवणाऱ्यांना नको तेवढं कळतं. पैसे ठरावीक रकमेचे, दारावरच्या तिकिटातून, की बिलाच्या हिश्श्यातून, हे लिहून घ्यावं. मेसेजवर का होईना. जेवण धरलंय का, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, रद्द झालं तर काय, हेही. ‘लोकांपर्यंत पोचाल’ असं सांगून फुकट गायला बोलावणाऱ्या मालकाला, तुमच्या आचाऱ्यालाही असंच बोलावता का, असं विचारायचा मोह आवरून नम्रपणे नाही म्हणावं. लग्नसमारंभ आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांत पैसा बरा असतो, पण तिथे बॉलिवूडची फर्माईश येणारच. चार-पाच हिंदी गाणी जॅझच्या अंगानं बसवून ठेवली तर कुणाचं काही जात नाही. सी. रामचंद्र आणि ओ. पी. नय्यर यांनी अर्धं काम करून ठेवलंच आहे.

आणि गिग आपल्या नावावर असेल तर साथीदारांचे पैसे त्याच रात्री, मंचावरून उतरल्यावर लगेच. मालकानं उशीर केला तर आपल्या खिशातून. ज्या दिवशी गायिका स्वतः बँड ठेवते त्या दिवशी नातं उलटं फिरतं, कारण आता फोन करणारी ती असते. बेटी कार्टरइतकं हे कुणी निभावलं नाही. डेट्रॉइटची ही मुलगी विशीच्या आत चार्ली पार्करबरोबर गायली, १९४८ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये गेली. कंपन्यांनी पाठ फिरवल्यावर १९७० च्या सुमारास तिनं बेट-कार नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. पुढची पंचवीसेक वर्षं ती विशी-पंचविशीतले वाजवणारे बँडमध्ये घेत राहिली. त्यांना न झेपणाऱ्या संथ लयी द्यायची, ऐन मंचावर लय बदलायची, आणि तयार झाले की सोडून द्यायची. मलग्रू मिलर, बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट हे पियानिस्ट, लुइस नॅश, ग्रेगरी हचिन्सन हे ड्रमर तिच्या हाताखालून गेले. १९९३ मध्ये तिनं अशा तरुणांसाठी ‘जॅझ अहेड’ हा उपक्रम सुरू केला. १९९८ मध्ये ती वारली. वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर तो उपक्रम पुढे चालवत राहिलं.